आधी रामराम कुणी घालायचा

त्या घरात मी नऊ वर्षं भाड्यानं राहिलो आणि नऊ वर्षांत घरमालक मामांना एकदाही आधी रामराम घालू शकलो नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. सकाळी चपला हातात घेऊन जिना उतरायचो. मामा अंगणातल्या नळापाशी पाठमोरे बसून तांब्या घासत असायचे. मी तोंड उघडणार, तोच मान न वळवता त्यांचा आवाज यायचा, "शरणु शरणार्थी, गडहिंग्लज. डबा घेतलासा न्हवं?" मग मी निमूटपणे चपला पायात घालायचो.

गडहिंग्लज हे माझं गाव. मामांनी तेच माझं नाव करून टाकलं होतं. शेजारच्या खोलीत एक नर्सबाई राहायच्या, त्या मलकापूर. मामांची सगळी नोकरी एसटीत गेली होती. कोल्हापूरच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून सांगणारे कंट्रोलर ते. माणूस समोर आला की त्यांना आधी त्याच्या कपाळावर गावाची पाटी दिसायची, चेहरा मागाहून.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही. गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि खुर्चीतून उठून दोन्ही हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं म्हणाले, "शरणु शरणार्थी." मी एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायच्या कामाला नुकताच लागलो होतो. शहरात आल्यावर आपली जात खिशात ठेवून हिंडावं असं मला तेव्हा वाटायचं. मी घाईघाईनं "नमस्कार, नमस्कार" म्हणालो.

"तुमच्या घरात काय म्हणत्यात?" मामांनी विचारलं.

"आजोबा म्हणायचे, शरणु."

"मग म्हणा की. लाज वाटती व्हय आज्याची?"

मी पुटपुटलो. त्यांचं समाधान झालं नाही. मोठ्यानं म्हणायला लावलं आणि मगच किल्ली हातात दिली. आतून मामी म्हणाल्या, "पावण्याला आधी पाणी तरी विचारा."

त्यांचा पहिला नियम हा, की समोरच्याला त्याच्या घरचा रामराम घालायचा. स्टँडवर त्यांची काचेची खिडकी म्हणजे एक दरबारच होता म्हणे. हुपरीच्या गाडीची वाट बघणाऱ्या जैन शेतकऱ्याला "जय जिनेंद्र", वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला "सलाम आलेकुम", पोस्टाच्या थैल्या उतरवणाऱ्याला "जय भीम", खेड्यातनं भाजी घेऊन आलेल्या म्हातारीला "रामराम, आक्का". चपला, टोपी, पिशवीची गाठ, बिडी धरायची तऱ्हा यावरून ते ओळखायचे आणि क्वचितच चुकायचे. दुसरा नियम, वर असलेल्यानं आधी घालायचा. गाडीवरच्यानं चालणाऱ्याला, बसलेल्यानं उभ्याला, मालकानं भाडेकरूला. म्हणून मला ते कधी पुढं जाऊ द्यायचे नाहीत. मी मालक हाय तंवर तुम्ही गप ऐकून घ्यायचं, असं एकदा स्पष्टच म्हणाले.

ऐकून घ्यायचं, पण उत्तर द्यायचं. एकदा छापखान्यात उशीर होत होता आणि मी उत्तर न देता फाटकाबाहेर पडलो. संध्याकाळी डोक्याला साबण लावला आणि नळाचं पाणी गेलं. वरच्या टाकीचा कॉक मामांनी बंद केला होता. डोळे मिटून जिन्यात उभं राहून ओरडलो, "मामा, पाणी!" खालून शांतपणे आवाज आला, "सकाळचं ऱ्हायलंय तुमचं." फेस डोळ्यांत उतरत असताना मी शरणु शरणार्थी म्हणालो तेव्हा पाणी आलं. माणूस चांगला होता असं मी सरसकट म्हणणार नाही. हेकट होता, आणि हेकटपणाला तो रीतभात म्हणायचा.

परदेशी माणूस दिसला की मात्र ते लहान मुलासारखे व्हायचे. देवीच्या दर्शनाला, पन्हाळ्याला गोरे लोक येतात. मामा त्यांना फलाट दाखवायचे आणि हाताच्या खुणांनी विचारायचे, तुमच्याकडं काय करतात? एका फ्रेंच बाईनं सांगण्याऐवजी गालाला गाल लावायला तोंड पुढं केलं, तेव्हा मामा इतके मागं सरकले की गारगोटीच्या गाडीवर आपटले. ही गोष्ट ते वीस वर्षं सांगत होते आणि प्रत्येक वेळी मामी म्हणायच्या, "आनि जरा सरकला असतासा तर मी तवाच सुटले असते." कुठं नाकाला नाक लावतात, कुठं जीभ काढून दाखवतात, कुठं छातीवर हात ठेवतात, सगळी कात्रणं त्यांनी जुन्या तिकिटांच्या ट्रेमध्ये घालून ठेवली होती. त्यांचं म्हणणं, "सगळीकडं एकच सांगायचं असतंय की वो, माझ्या हातात काय न्हाय, भिऊ नका. हात दाखवा न्हायतर जीभ दाखवा."

त्या ट्रेमध्ये जपानचं कात्रण नव्हतं. जपानची बातमी लागली की ते टीव्ही बंद करायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा जपानात नोकरीला होता, आणि बाप-लेकांचा अबोला होता.

हे मला मामींनी सांगितलं. मी राहायला येण्याआधी तीन वर्षं मुलानं पुण्यात लग्न केलं होतं. मुलगी त्याच्या कंपनीतली, हुशार, पण जातीतली नव्हती. दोघं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला आले, नमस्कार करायला. मामा खाटेवर बसले होते. दोघं वाकले तशी त्यांनी पाय वर उचलले आणि खाटेवर मांडी घालून बसले. नवरीचे हात फरशीवर टेकले तसेच राहिले. मुलानं तिला उठवलं, आणि आल्या पावली दोघं परत गेले.

"त्या पोरीच्या घरात ज्यो नमस्कार घालत्यात," मामी म्हणाल्या, "त्योच ह्ये रोज स्टँडवर शंभर वेळा घालत हुते, मोठ्यानं. मी विचारलं, मग हिलाच का न्हाय? तर म्हणत्यात, रामराम सगळ्यास्नी घालायचा असतोय, घरात सगळ्यास्नी घ्यायचं नसतंय."

मला ते ऐकून घृणा आली. खोली सोडावी असंही वाटलं. पण कोल्हापुरात बिनलग्नाच्या माणसाला खोली मिळणं सोपं नाही, आणि मामींच्या हातची भाकरी रोज वर यायची. मी राहिलो. माझ्या तत्त्वांचं वजन साधारण एका भाकरीएवढं आहे, हे मला तेव्हा कळलं.

मुलगा दर रविवारी आईला फोन करायचा. मामी स्वयंपाकघरात बसून बोलायच्या. बाहेर मामा टीव्हीचा आवाज इतका कमी करायचे की चित्रं नुसतीच हलायची. फोन संपला की पुन्हा वाढवायचे. एकदा मामी मला म्हणाल्या, "मी हाय तंवर हे चाललंय. माझ्या माघारी ह्या दोघांच्या मदी कोण बोलणार रं?" मी जेवत होतो. घास तोंडात ठेवून म्हणालो, "मी हाय की, मामी." असं आपण म्हणतोच.

मामांबद्दल वाईटच सांगत बसलो तर तेही खोटं होईल. त्यांचा तिसरा नियम होता, चुकलेल्यानं आधी रामराम घालायचा. नोकरीत असताना त्यांनी एका ड्रायव्हरला गाडी उशिरा लावली म्हणून माइक चालू असताना झापलं. सगळ्या स्टँडनं ऐकलं. नंतर कळलं, गाडीच वर्कशॉपमधनं उशिरा सुटली होती. ड्रायव्हर हुपरीचा. मामा सुट्टीच्या दिवशी हुपरीला गेले. घरात चांदीच्या पैंजणांचं काम चाललं होतं, बायका घुंगरं जोडत बसल्या होत्या. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हात जोडले, "रामराम. माझं चुकलं," म्हणाले, आणि चहाला न थांबता आल्या गाडीनं परत आले. मुलगा तेव्हा शाळेत होता, त्याला मुद्दाम बरोबर नेलं होतं. हे बघून ठेव म्हणून.

आणि कोरोनातले मामा मला विसरता येत नाहीत. आमची गल्ली पंचगंगेच्या स्मशानाकडं जाणाऱ्या रस्त्याला मिळते. त्या दिवसांत ॲम्ब्युलन्स सारख्या जायच्या, मागं ना माणसं ना खांदेकरी. मामा कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर तोंडाला टॉवेल बांधून उभे राहायचे आणि प्रत्येक गाडीला हात जोडायचे. आत कोण आहे, कुठल्या घरचं आहे, काही कळायला मार्ग नव्हता, म्हणून तोंडानं काही म्हणायचे नाहीत. पोलिसांनी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा हटकलं नाही.

मरणाच्या घरातले त्यांचे नियम वेगळे होते. शेजारचे एक मास्तर वारले तेव्हा मी मामांबरोबर गेलो होतो. निघताना सवयीनं मास्तरांच्या मुलाला म्हणालो, "येतो." मामांनी दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ राहिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "असल्या घरातनं येतो म्हणायचं नसतंय. गप उठून चालू लागायचं. तुमच्यात सांगत न्हाईत व्हय?" आमच्यात खरंच सांगत नाहीत. आम्ही लिंगायत, आमच्या घरी सुतक धरत नाहीत. माणूस गेला की तो लिंगैक्य झाला, विटाळ कसला, असं आजोबा म्हणायचे. त्यामुळं सुतकाचे नियम मला ठाऊक नव्हते. चिमट्यानं जेवढा शिकवला तेवढा एकच कळला होता.

मामी गेल्या त्या अशाच एका सकाळी, भाकरी थापता थापता. परातीत पीठ होतं. मामांनी मला वर हाक मारली ती "गडहिंग्लज" अशी नाही, माझ्या नावानं. डॉक्टर येऊन गेल्यावर भाऊबंद जमले आणि आजच उरकू म्हणाले. मामा म्हणाले, "त्यो आल्याबिगर उचलायचं न्हाय." मुलाला फोन मी केला. मामींना एक रात्र शवागारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, एकटाच. बायकोला का आणलं नाही हे कुणी विचारलं नाही.

त्यानं अग्नी दिला. बाप-लेक शेजारी शेजारी उभे होते, शेणी-गोवऱ्यांचा धूर दोघांच्याही डोळ्यांत जात होता, पण दोघं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन झालं. घरी आलो. मामा ओल्या धोतरानं खुर्चीवर बसले, भाऊबंद भिंतीला टेकून बसले. मुलगा दारात थोडा वेळ उभा राहिला. मग आत आला, बापासमोर गुडघे टेकले आणि पायांवर डोकं ठेवायला वाकला.

मामांनी पाय मागं घेतले. खुर्चीखाली, आत, जेवढे घेता येतील तेवढे.

खोलीतल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एका म्हाताऱ्यानं तर मान डोलावली. मला वाटलं, काय दगडाच्या काळजाची माणसं आहेत ही. मुलगा तसाच वाकलेला राहिला, मग उठला. आतून बॅग घेऊन आला आणि बापाच्या समोरून काही न बोलता बाहेर पडला. मामा खाली मान घालून बसले होते. मी गाडीची किल्ली घेऊन त्याच्या मागं गेलो.

उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत मी त्याला मोटरसायकलवर सोडलं. अर्ध्या वाटेत कानामागून त्याचा आवाज आला, "तुम्ही बघितलंसा न्हवं?"

"हो."

"दोनदा वाकलो ह्या माणसापुढं. एकदा बायकोला घेऊन, एकदा आईची राख नदीत सोडून. सांगा त्यांना, आता मी बी मेलो म्हणून समजा. परत त्या पायांजवळ येणार न्हाई."

मी म्हणालो, "सांगतो." काय समजूत घालणार? माझ्याही डोळ्यांनी तेच बघितलं होतं.

परत आलो तेव्हा भाऊबंद गेले होते. मामा एकटेच होते, त्याच खुर्चीत. कोपऱ्यात मामींच्या जागेवर दिवा लावलेला होता. त्यांनी विचारलं, "काय म्हणला?"

मला ते सांगवेना. दिव्याकडं बघत मी म्हणालो, "काही नाही."

"येतो म्हणला न्हाय." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मोकळं झालं. "बरोबर हाय. सुतकाच्या घरातनं म्हणत न्हाईत. नियमानं गेला. रागानं न्हाय न्हवं गेला?"

"नाही, मामा. नियमानंच गेला."

"मला वाटलंच. मी पाय काढून घेतलं, ते ठावं असणार की त्येला. सुतकात नमस्कार करत न्हाईत आनि घेत न्हाईत. तेरावा झाला, सुतक फिटलं की घेणार हाय मी. सुनेचाबी घेणार. तुमच्या मामीला तसा शब्द दिलता मी, गेल्या दिवाळीत. तेवढं मनात धरून बसलोय." मग पुन्हा विचारलं, "त्येला ठावं असंल न्हवं?"

तेव्हा मला कळलं की मी काय बघितलं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या माणसांना जे साधं दिसलं होतं, ते मला दिसलं नव्हतं. आणि वीस-बाविसाव्या वर्षी घराबाहेर पडलेल्या, घरात कधी मरण न बघितलेल्या त्या मुलालाही दिसलं नव्हतं. त्याला फक्त खाटेवर उचललेले पाय आठवत होते.

"असणारच," मी म्हणालो.

त्याच वेळी वर जाऊन फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडं होता. पण तो विमानात असेल, आज रागात असेल, चार दिवस जाऊ देत, असं मी स्वतःला सांगितलं. सहाव्या दिवशी केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला नाही. खरं कारण सांगायचं तर भीती वाटत होती. तो आला असता तर पहिल्याच बोलण्यात कळलं असतं की तो रागानं गेला होता, आणि मी मामांच्या तोंडावर खोटं बोललो होतो. मामा कॅलेंडरवर रोज एक रेघ मारत होते. नर्सबाईंनी एकदा मला जिन्यात विचारलं, "मुलगा येणार आहे का खरंच?" मी म्हणालो, "बघू."

तेराव्याला मामांनी मुलाच्या आणि सुनेच्या नावाची दोन पानं वेगळी वाढून ठेवली. संध्याकाळी ती गाईला घातली. "लांब हाय," म्हणाले. "रजा मिळाली नसंल." मग दिवाळीला येईल म्हणाले. मग वर्षश्राद्धाला. मी एकदा कसाबसा म्हणालो, "मामा, तुम्हीच एक फोन करा की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू गाडी लागायच्या आधीच मी फलाट विचारला होता. "मी कशाला? चूक झाली असती तर केला असता. भांडण न्हाईच आता आमच्यात. त्यो नियमानं गेलाय. आता त्यानं यायचं आनि मी घ्यायचा, एवढंच ऱ्हायलंय. तुम्हीच सांगितलंसा न्हवं?"

मीच सांगितलं होतं. तेव्हा तरी बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तोंडात घेऊन मी वर गेलो आणि झोपलो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी पहिल्यांदा जपानचं विचारलं. मी मोबाइलवर दाखवलं. दोन माणसं समोरासमोर उभी राहून कंबरेत वाकतात, हात मांड्यांवर, शिवायचं नाही. मामांनी तीनतीनदा बघितलं. "सुनेला इतक्या वर्सांत हीच सवय लागली असंल," म्हणाले. "पायावर डोकं ठेव म्हणायला नगं तिला. मीच असं वाकीन." आणि त्या दिवसापासून रोज सकाळी अंगणात, तांब्या घासून झाला की, हा सत्तरी ओलांडलेला माणूस तुळशीसमोर उभा राहून कंबरेत वाकायचा. गल्लीतले लोक म्हणाले, कंट्रोलर बायको गेल्यापासून जरा सटकलाय. मी जिन्यातून बघायचो आणि ते वर मान करून म्हणायचे, "शरणु शरणार्थी. बघा, जमतंय काय?" मी जमतंय म्हणायचो.

अशी दोन वर्षं गेली. हळूहळू त्यांचं कोपऱ्यावर उभं राहणं थांबलं. रस्त्यानं जाणाऱ्याला ओळखायला त्यांना वेळ लागायला लागला, जैनाला सलाम आणि मुसलमानाला रामराम व्हायला लागले. चुकलं की आत येऊन बसायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. गेल्या वर्षी एका सकाळी आंघोळीला बसले ते तिथंच कलंडले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

फोन पुन्हा मीच केला. या वेळी त्यानं उचलला. म्हणाला, "थांबा माझ्यासाठी." मामांनाही एक रात्र शवागारात ठेवलं. तो आला, बायकोही आली. अंगणात उतरवलं तेव्हा सगळ्यांनी दर्शन घेतलं. तिनं वाकून पायांवर डोकं ठेवलं. त्यानं पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत, शेवटी चुलत्यानं खांद्याला धरून उठवलं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. बायको आत चहा टाकत होती. तो भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरवरच्या रेघा बघत होता. हे काय म्हणून त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. सुतक, नमस्कार न घेणं, तेराव्याची वेगळी पानं, अंगणातलं वाकणं. तो ऐकत होता. मध्येच त्यानं डोळ्यांवर हात घेतला.

"मग फोन का न्हाई केला त्यांनी?" तो म्हणाला. "मी दोन वर्सं त्या फोनची वाट बघत होतो. चुकलं की आपण होऊन जायचे ते, कुणाच्या बी दारात. मी डोळ्यांनी बघितलंय, हुपरीला. फोन आला न्हाई, तवा मी समजून चुकलो की त्यांना आपली चूक वाटतच न्हाई."

हे तो मला विचारत नव्हता. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मामांच्या खुर्चीसमोर बसून मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही रागानं गेलात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं, नियमानं गेला."

तो माझ्याकडं वळला. आत चहाचं भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"गाडीवर मी काय म्हणालो होतो, आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"सांगतो म्हणाला होतासा."

"फार कठीण होतं ते. मामी जाऊन तिसरा दिवस होता. मला सांगवलं नाही."

"व्हय, कठीण होतं," तो म्हणाला. "त्यांना लागावं म्हणूनच बोललो होतो मी. तेवढं त्यांच्या कानावर घालायचं होतं तुम्ही. त्याच दिवशी त्यांनी फोन केला असता मला."

बायको चहा घेऊन आली. त्यानं कप घेतला नाही. तिनं एक कप माझ्यासमोर ठेवला, आणि ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.